मे महिन्यात उणे चाळीस

मे महिन्यातली दुपार, अडीचची वेळ. अफजलपुरात पारा बेचाळीसच्या वर. ओळखीच्या एका बागायतदारांची ऑटोमॅटिक गाडी समोर उभी होती आणि स्कॅनरच्या पडद्यावर तिच्या गिअरबॉक्समधल्या ऑइलचं तापमान दिसत होतं: उणे ४० अंश सेल्सिअस. आदल्याच आठवड्यात एका वर्कशॉपने त्यांना ‘गिअरबॉक्स गेलाय, उघडावा लागेल’ असं सांगितलं होतं. गाडी वरच्या गिअरला जातच नव्हती, मोकळ्या रस्त्यावरही इंजिन ओरडत होतं, मायलेज घसरलं होतं. वरवर पाहता सगळी लक्षणं गिअरबॉक्सचीच. पण भीमेकाठच्या उन्हात तासभर चाललेल्या गाडीचं ऑइल उणे चाळीस असणं शक्य नाही. तो आकडा ऑइलचा नव्हता, तुटलेल्या वायरीचा होता.

आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात ऑटोमॅटिक गाड्या आता बऱ्याच दिसतात. त्यातल्या पुष्कळ पुणे, हैदराबाद, बेंगळुरूहून जुन्या घेतलेल्या असतात. कंपनीचं वर्कशॉप म्हणजे एकतर कलबुर्गी नाहीतर सोलापूर. गावातल्या मिस्त्रीचा हात चांगला असतो, पण त्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल त्याच्याकडे नसतं. तो ऑइलला बोट लावतो आणि कानडीत सांगतो, ‘भाळ बिसी आग्याद री,’ म्हणजे ऑइल फार तापलंय. त्याचं निरीक्षण खोटं नसतं. पण ऑइल खरंच जास्त तापलंय की तापमान सांगणारा सेन्सर चुकतोय, हा फरक बोटाला कळत नाही. तो कळला नाही तर काही हजारांत भागणारं काम लाखाच्या घरात जातं. म्हणून हा फरक गाडीच्या मालकाने स्वतः कसा ओळखावा, ते इथे सांगतो आहे.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची, ते बघा. मारुतीच्या सेलेरिओपासून, म्हणजे २०१४ पासून, भारतात जी स्वस्त ‘ऑटो गिअर’ पद्धत आली ती एएमटी. आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर किंवा हायड्रॉलिक यंत्रणा करते. गाडी एएमटी असेल तर या लेखातलं फारसं काही तुमच्या कामाचं नाही; तिथे तापतो तो क्लच. टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक, सीव्हीटी, किंवा ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचची डीसीटी असेल, तर मात्र ऑइलच्या तापमानाचा सेन्सर तिथे असतो आणि गिअरबॉक्सचा कंप्युटर, म्हणजे टीसीएम, त्याच्या शब्दावर चालतो.

हा सेन्सर दिसायला अगदीच किरकोळ. आत थर्मिस्टर असतो, तापमान वाढलं की ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा. टीसीएम एका रोधातून पाच व्होल्ट पाठवतो आणि मधल्या तारेवर किती व्होल्ट उरले ते वाचतो. ऑइल गार असेल तर व्होल्टेज जास्त, ऑइल गरम असेल तर कमी. वायर तुटली, कपलर निसटला, सेन्सर आतून उघडला, की पूर्ण पाच व्होल्ट तिथेच राहतात आणि टीसीएमला वाटतं ऑइल गोठलंय. वायर अर्थला चिकटली की व्होल्टेज शून्यावर येतं आणि त्याला वाटतं ऑइल उकळतंय. स्कॅनरच्या हिशेबात तापमानाची पट्टी बहुधा उणे ४० पासून सुरू होते. म्हणून उणे ४० हा आकडा ‘थंडी’ म्हणून नव्हे, ‘सेन्सरकडून काही पोचत नाही’ असा वाचायचा. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.

उणे ४० दाखवणारी गाडी विचित्र चालते, त्याला कारण आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक लॉकअप क्लच असतो. गाडी वेगात आली की तो लागतो आणि इंजिन व गिअरबॉक्स थेट जोडले जातात. मग घसरण नाही, म्हणून उष्णता नाही आणि मायलेज चांगलं. ऑइल गार असताना टीसीएम हा क्लच लावत नाही. बऱ्याच गाड्यांत वरचा गिअरही रोखून ठेवतो. सेन्सर कायम ‘गार, गार’ म्हणत राहिला तर लॉकअप कधीच लागत नाही. कन्व्हर्टर घसरत राहतो आणि ऑइल खरोखरच तापू लागतं. सेन्सर खोटं सांगतो थंडीचं, आणि त्या खोट्यामुळे आत निर्माण होते गरमी. मिस्त्रीच्या बोटाला ऑइल गरम लागलं ते या अर्थाने खरंच होतं. उलट बाजूचा बिघाड, म्हणजे खोटी गरमी, असेल तर टीसीएम गिअर बदलण्याच्या वेळा बदलतो, दिवा लावतो आणि काही गाड्यांत एकाच गिअरवर अडकवून ठेवतो. याला लिंप मोड म्हणतात.

आता कोड. स्कॅनर लावला की पी०७१० ते पी०७१४ या पाच क्रमांकांपैकी एखादा दिसला तर बोट या सेन्सरकडे आहे. पी०७१० म्हणजे त्या सर्किटमध्ये बिघाड. पी०७११ म्हणजे आकडा मिळतोय, पण पटण्यासारखा नाही. गाडी अर्धा तास चालली तरी तो हलत नाही किंवा अचानक उडी मारतो. पी०७१४ म्हणजे मधूनच तुटणारा संपर्क. पी०७१२ आणि पी०७१३ या दोघांबद्दल मात्र सावध राहा, कारण त्यांच्या इंग्रजी नावातल्या ‘लो’ आणि ‘हाय’ या शब्दांवरून बरीच मंडळी तापमानाचा अर्थ काढतात. ते शब्द व्होल्टेजचे आहेत. पी०७१२ म्हणजे व्होल्टेज कमी, अर्थात पडद्यावर खोटी गरमी. पी०७१३ म्हणजे व्होल्टेज जास्त, अर्थात खोटी थंडी. ‘हाय’ वाचून कूलर धुवायला घेतलेल्या आणि रेडिएटर बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. आणि पी०२१८ हा कोड वेगळाच: तो सेन्सरच्या बिघाडाचा नाही, ऑइल जास्त तापल्याचा इशारा आहे. तो दिसला तर आधी गरमी खरी मानून तपास करा.

कोड फक्त दिशा दाखवतो. पुरावा मिळतो तो पहाटे, आणि ही तपासणी कोणालाही जमते. संध्याकाळी गाडी सावलीत लावा, रात्रभर हलवू नका. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी फक्त इग्निशन ऑन करा आणि स्कॅनरवर तीन आकडे शेजारी शेजारी बघा: इंजिनच्या कूलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान. रात्रभरात सगळी गाडी एका तापमानाला आलेली असते, त्यामुळे तिन्ही आकडे पाच-सहा अंशांच्या फरकाने जुळायला हवेत. कूलंट २८, हवा २९ आणि ऑइल ६५ असं दिसलं तर कोड असो वा नसो, सेन्सर किंवा त्याची वायरिंग खोटं बोलते आहे. तीनही आकडे तारखेसह वहीत लिहा, मोबाइलवर फोटो काढा. वर्कशॉपमध्ये वाद घालायला नाही, काम तिथून सुरू व्हावं म्हणून.

स्कॅनर नाही, अशी अडचण बरेचजण सांगतात. १ एप्रिल २०१३ नंतर बनलेल्या भारतातल्या गाड्यांत ओबीडी दोनचं सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली असतं आणि ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर बाजारात सहज मिळतो. मात्र साध्या ॲपमध्ये कूलंट आणि हवेचं तापमान लगेच दिसलं तरी गिअरबॉक्सच्या ऑइलचं बहुतेक दिसत नाही, कारण तो आकडा कंपन्यांनी आपापल्या पद्धतीने ठेवला आहे. तुमच्या मॉडेलची वेगळी यादी ॲपमध्ये घालावी लागते, नाहीतर ज्याच्याकडे सगळ्या कंपन्यांचा स्कॅनर आहे अशा वायरिंगवाल्याकडे गाडी आदल्या संध्याकाळीच नेऊन ठेवावी आणि सकाळी त्याच्याकडूनच आकडे बघून घ्यावेत. सकाळी चालवत नेलीत तर तापलेली गाडी पोचते आणि तपासणी फुकट जाते.

दुसरी पायरी रस्त्यावरची. सकाळच्या आकड्यापासून सुरुवात करून गाणगापूरच्या रस्त्याला वीस-पंचवीस मिनिटं निवांत चालवा. शेजारी बसलेल्याने पडदा बघावा. ऑइलचा आकडा हळूहळू, पायऱ्या न घेता चढायला हवा आणि बहुतेक गाड्यांत पंचाहत्तर ते पंचाण्णवच्या आसपास स्थिरावायला हवा. कूलंट त्याच्या आधी तापतो, ऑइल मागून येतं. हे नैसर्गिक आहे. आकडा पंधरा मिनिटांत तसूभर हलला नाही, किंवा खड्ड्यात चाक आदळलं आणि ७० वरून १५० वर जाऊन परत ७० वर आला, तर गरमीला दोष देऊ नका. ऑइल एका सेकंदात ऐंशी अंश तापत नाही. काही गाड्यांत आणखी एक गफलत होते: सेन्सर बिघडल्याचं टीसीएमच्या लक्षात आलं की तो खरा आकडा सोडून एक ठरावीक आकडा गृहीत धरतो आणि स्कॅनरवर तोच दाखवतो. आकडा पटण्यासारखा आहे पण कधीच बदलत नाही, असं दिसलं तर स्कॅनरमध्ये त्या सेन्सरचं व्होल्टेज दिसतं का ते शोधा.

फेरी मारून आलात की इन्फ्रारेड थर्मामीटरने, ज्याला आपण टेम्परेचर गन म्हणतो, गिअरबॉक्सच्या खालच्या चेंबरवर नेम धरा. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही गन कमी दाखवते, म्हणून तिथे आधीच काळी चिकटपट्टी लावून ठेवा. चेंबरचा पृष्ठभाग आतल्या ऑइलपेक्षा काही अंश गारच असणार. स्कॅनर ९० आणि गन ८० म्हणाली तर सेन्सर बरा आहे. स्कॅनर १४५ आणि गन ८० म्हणाली तर नाही. चेंबर आणि आतल्या ऑइलमध्ये एवढं अंतर पडत नाही.

गन आणि स्कॅनर दोघंही ११०-१२० सांगत असतील तर सेन्सर प्रामाणिक आहे. मग त्याला बदलून काही होणार नाही. आपल्याकडे खऱ्या गरमीची कारणं डोळ्यांसमोर असतात. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या उसाच्या ट्रॅक्टरमागे तासन्‌तास रांगत जाणं हे टॉर्क कन्व्हर्टरसाठी घाट चढण्याइतकंच जड. वेग कमी म्हणून लॉकअप लागत नाही आणि हवाही पुरेशी लागत नाही. काळ्या मातीची धूळ रेडिएटरपुढच्या कूलरच्या जाळीत बसते, पहिल्या पावसात तिचा लेप होतो. कूलर कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनच्या बाजूने बाहेर, असा धुवा. प्रेशर पंप जवळ धरला तर पत्रे वाकतात. ऑइल कमी आहे का, जळका वास येतो का, रंग काळपट झालाय का, हे बघा. ज्या गाड्यांत ऑइलचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो तिथे ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरला आहे असं समजा. त्या क्षणी गाडी बंद करा, एक किलोमीटरही चालवू नका.

सकाळची आणि रस्त्यावरची तपासणी सेन्सरकडे बोट दाखवत असेल तर पुढचं काम मल्टिमीटरचं. हे मात्र ज्याला वायरिंग कळते त्याच्याकडूनच करून घ्या, तुम्ही शेजारी उभे राहा. सेन्सरचा कपलर स्वतंत्र, दोन पिनांचा आणि बाहेरून हाताला येणारा असेल तर तपास सोपा आहे. पडदा उणे ४० दाखवतोय? इग्निशन बंद करून कपलर काढा, वायरिंगच्या बाजूच्या दोन पिना बारीक तारेने एकमेकींना जोडा, इग्निशन ऑन करा. आकडा उडून वरच्या टोकाला गेला तर वायरिंग आणि टीसीएम ठीक, सेन्सर मेला. आकडा उणे ४० वरच राहिला तर सेन्सर निर्दोष. तार कुठेतरी तुटली आहे. पडदा उलट खूप गरमी दाखवत असेल तर नुसता कपलर काढून बघा. आकडा उणे ४० वर आला तर सेन्सर शॉर्ट झाला होता. तसाच राहिला तर वायर कुठेतरी अर्थला घासते आहे.

पण आजकालच्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये हा सेन्सर आत, व्हॉल्व्ह बॉडीजवळ, ऑइलमध्येच असतो आणि बाहेर येतो तो दहा-वीस पिनांचा मोठा कपलर. त्यात सोलेनॉइडच्या बारा व्होल्टच्या तारा असतात. सर्किटचा नकाशा हाताशी नसताना अंदाजाने दोन पिना जोडल्या तर पाच व्होल्टच्या वाटेवर बारा व्होल्ट जातील आणि टीसीएम जळेल. ‘बघू तर खरं’ म्हणून तार लावणाऱ्याचा हात तिथेच धरा. नकाशा मिळाला की त्या दोन पिनांमधला रोध मोजायचा. उदाहरणादाखल, टोयोटाच्या काही गिअरबॉक्समध्ये २५ अंशांना सुमारे साडेतीन किलोओहम आणि ११० अंशांना जेमतेम पाव किलोओहम येतो. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, ते तिच्याच मॅन्युअलमधून घ्या. पण गार असताना जास्त आणि गरम असताना कमी, ही चाल तीच राहते.

सेन्सर बदलण्याआधी कपलर नीट बघा, हे मला आग्रहाने सांगायचं आहे, कारण आपल्या भागात सेन्सरपेक्षा कपलर जास्त खराब होतात. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला महापूर आला तेव्हा अफजलपूर तालुक्यातल्या कितीतरी गावांत पाणी शिरलं. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या पिनांवर हिरवट गंज चढायला महिने लागतात आणि बिघाड वर्ष-दोन वर्षांनी वर येतो. तोवर गाडी तिसऱ्या मालकाकडे गेलेली असते. जुनी गाडी घेताना या कोपऱ्यात बॅटरीचा उजेड टाकून बघा. शेतावर, कडब्याच्या गंजीशेजारी गाडी उभी राहत असेल तर उंदीर वायर कुरतडतात. आणि काही गिअरबॉक्समध्ये ऑइल तारांच्या आतून झिरपत कपलरपर्यंत, कधी थेट टीसीएमपर्यंत पोचतं. कपलर काढल्यावर आत लालसर ओल दिसली तर नुसतं पुसून पुन्हा लावू नका, झिरपणारं सील बदला. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करायच्या. पेट्रोल नको, पॉलिश पेपर तर नकोच.

सेन्सर बाहेर काढलाच तर कचऱ्यात टाकण्याआधी एक चहाचं पातेलं घ्या. त्याचं टोक कोमट पाण्यात बुडवा, पिना कोरड्या ठेवा, मल्टिमीटर जोडा आणि पाणी हळूहळू तापवा. रोध एकसारखा उतरत गेला पाहिजे. आपण समुद्रसपाटीपासून चारशेच्या वर मीटर उंचीवर आहोत, म्हणून आपल्याकडे पाणी शंभरच्या थोडं आधी, ९८-९९ ला उकळतं. तेवढा हिशेब धरा. मधेच आकडा गायब होऊन मीटरवर ‘ओएल’, म्हणजे तुटलेलं सर्किट, आलं आणि टिचकी मारल्यावर परत आकडा दिसला, तर बिघाड सापडला. गॅरेजमध्ये गार गाडीवर मोजताना हा सेन्सर चांगला दिसतो, म्हणूनच तो बरेचदा सुटून जातो.

नवा सेन्सर काही गाड्यांत सुटा मिळतो, काहींत आतल्या वायरिंगसकट, काहींत पूर्ण व्हॉल्व्ह बॉडी किंवा टीसीएमसकट. अंदाजपत्रक मागताना हे विचारून घ्या. आत असेल तर चेंबर उतरवावं लागतं, म्हणजे ऑइल, फिल्टर आणि पॅकिंगही आलं. ऑइल कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच भरा. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेला डबा सीव्हीटीत ओतला तर पट्टा आणि पुलीची घसरण सुरू होऊ शकते.

आणि ऑइलची पातळी बघतानाच सगळ्यात जास्त चुका होतात. नव्या गिअरबॉक्सना बहुधा डिपस्टिक नसते. ऑइलची पातळी बघायची ती इंजिन चालू ठेवून, गाडी सपाट उभी करून, ऑइल ठरावीक तापमानाला, अनेक गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये, आलं की तळाचा ओव्हरफ्लो बोल्ट उघडून. तापलं की ऑइल फुगतं, म्हणून तापमानाला एवढं महत्त्व. हे तापमान वाचायचं कशावर? त्याच सेन्सरवर. सेन्सर खोटा असताना कोणी ऑइल भरलं असेल तर पातळी चुकलेलीच असणार. म्हणून सेन्सर बदलला, ऑइल काढलं नाही, तरीही पातळी पुन्हा तपासून घ्या. आणि मेच्या दुपारी हे काम करूच नका. शेडमध्ये उभ्या गाडीचं ऑइलच चाळीसला पोचलेलं असतं, बोल्ट उघडेपर्यंत मर्यादा ओलांडते. पहाटेची वेळ घ्या. गरम ऑइल अंगावर सांडलं तर खोल भाजतं, जॅकवर टांगलेल्या गाडीखाली स्टँडशिवाय कोणालाही झोपू देऊ नका. काम झालं की कोड पुसा, गाडीला लागत असेल तर स्कॅनरने गिअरबॉक्सचं ॲडाप्टेशन करा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे तीन आकडे पुन्हा वहीत लिहा.

अक्कलकोटहून गाणगापूरला दत्तदर्शनासाठी येणाऱ्या महाराष्ट्रातल्या मंडळींनाही एक विनंती. वाटेत गिअरबॉक्सचा दिवा लागला तर गाडी सावलीत उभी करा, पी मध्ये ठेवून इंजिन चालू राहू द्या म्हणजे ऑइल कूलरमधून फिरत राहील. ऑइल गळताना दिसलं किंवा जळका वास आला तर मात्र इंजिन लगेच बंद करा. दिवा विझला नाही तर पुढे रेटू नका. आणि ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन करून कधीच नेऊ नका. इंजिन बंद असताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ऑइल पंप फिरत नाही. चाकं फिरतात आणि आतले भाग कोरडे घासतात. गाडीची चारही चाकं टेम्पोवर चढवूनच ती कलबुर्गीला किंवा सोलापूरला पाठवा.